दोनदा, काचेवर

पुंता अरेनासला वारा असा
की रस्त्यावर कुणाचाच वास कुणाला लागत नाही.
दुकानात लागतो.

डोळा तपासायचा तर वाकावंच लागतं.
एलेउतेरिओ बारिया, चष्मेवाले,
गालाला गाल टेकेल इतके जवळ जायचे
तो बारीक दिवा घेऊन,
आणि "माझ्या कानामागे बघा, भिंतीकडे" म्हणताना
एकेक शब्द गिऱ्हाइकाच्या नाकावर उतरायचा.
लोक श्वास रोखून धरत.
त्यांना वाटे, दिव्याला घाबरतात.

मी काचा पुसत असे. मला माहीत होतं.

नोल्फाबाई होत्या तोवर असं नव्हतं.
त्या गल्ल्यापाशी, उंच स्टुलावर.
जेवणानंतर कधी काउंटरच्या काचेवर
अंगठी वाजवायच्या, ठक ठक,
की हे हातातली फ्रेम ठेवून पडद्याआड जात,
आणि आतून चूळ खळखळल्याचा आवाज.
मला पहिलं वर्षभर वाटलं, चहाची खूण असेल.

एका जूनमध्ये त्या गेल्या.
अंगठी त्यांच्याबरोबर गेली.
बाटली मात्र बेसिनवरच्या फळीवर राहिली,
तळाशी दोन बोटं निळं.
ते तीन वर्षं तेवढंच होतं.

सांगायला हवं होतं.
कितीदा ओठांवर आलेलं गिळलं.
ज्या हातून पगार घ्यायचा
त्या माणसाला काय सांगणार,
आणि कुठल्या वारी?
कुणी गेलं तर आपण भेटायला जातो,
उधारी थकली तर चिठ्ठी धाडतो,
पण हे,
हे उशीला उशी लागलेलं माणूसच सांगतं.
बाकी आम्ही सगळे तोंडदेखले.

शेवटी ओयार्सोच्या नातीनं सांगितलं.
सहा वर्षांची. दिवा डोळ्यात असतानाच:
"तुमच्या तोंडात फुलदाणीचं पाणी आहे."
तिची आई लालबुंद.
ते हसले.
दिवा विझवायचं तेवढं विसरले.

त्या संध्याकाळी औषधांच्या दुकानातून
सगळ्यात मोठी, सगळ्यात जहाल बाटली आली.
दिवसातून पाच-पाच वेळा चूळ,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
दुकानभर पुदिना.
तासाभरानं पुदिन्याखालून
पुन्हा ती फुलदाणी.

दुसरी बाटली घ्यायला गेले तर
काउंटरवरच्या यास्नानं ती दिलीच नाही.
म्हणाली, "यात अल्कोहोल आहे, तोंड कोरडं पडतं,
आणि कोरड्या तोंडाला जास्तच वास येतो.
तुम्ही नुसता पडदा ओढताय, दोन बारिया.
पडद्यामागे कोण बसलंय ते बघा."

बसला होता एक ब्रिज, शेवटच्या दाढेवरचा,
नोल्फाबाईंच्या आजारपणात
दोन इस्पितळांच्या मधल्या वेळात
घाईनं बसवून घेतलेला.
खाली सगळं सडलं होतं.
डेंटिस्टनं काढून दाखवलं तेव्हा
ते म्हणे बराच वेळ त्या दाढेकडे
चष्म्याशिवायच बघत राहिले.

आता जीभ घासतात, पार मागपर्यंत.
पाण्याचा ग्लास जवळ असतो.
सकाळी, रात्री बिनअल्कोहोलच्या बाटलीचं एक झाकण,
घड्याळ लावून तीस सेकंद,
वर अर्धा तास काही खायचं नाही.
गिऱ्हाइकं श्वास घेतात.
काहींना तर गोष्टीही सुचतात, दिव्याखाली.

परवा शुक्रवारी मात्र
दुपारी लसणात परतलेले शिंपले खाल्ले होते त्यांनी,
आणि तीनच्या ठोक्याला शाळेतली बाई
डोळे दाखवायला दारात.
त्यांनी दिवा उचलला.

माझ्याकडे अंगठी नाही.
कपाटाची किल्ली होती हातात.
ती मी काचेवर वाजवली,
दोनदा.

ते जागच्या जागी थांबले.
माझ्याकडे नाही बघितलं,
गल्ल्याकडे बघितलं,
त्या रिकाम्या उंच स्टुलाकडे.
मग दिवा ठेवला आणि पडद्याआड गेले.

"तीसच सेकंद बसा," मी बाईंना म्हटलं,
आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.
आतून खळखळ आली. थांबली.
नळ वाहत राहिला.

चाळीसपर्यंत मी मोजलं.
मग मोजायचं सोडून दिलं.